पाण्याखाली उडणारा पतंग

ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या किनाऱ्यावरून ईरी सरोवरात शिरणाऱ्या मासेमारीच्या बोटी पाहिल्या, तर गळ टाकून निवांत बसलेली माणसं फारशी दिसत नाहीत. बोट ताशी तीन-चार किलोमीटरच्या रमतगमत वेगाने तासन्‌तास पुढे जात राहते आणि मागे बऱ्याच दोऱ्या ओढल्या जात असतात. प्रत्येक दोरीच्या टोकाला प्लास्टिकचा किंवा हलक्या लाकडाचा बोटभर लांबीचा नकली मासा असतो. तो क्रँकबेट, आणि त्याला असं ओढत फिरणं म्हणजे ट्रोलिंग. हा सगळा खटाटोप वॉलआय या माशासाठी. हा पर्चच्या कुळातला, पांढऱ्या मांसाचा, काटे कमी असलेला मासा तिथल्या लोकांना इतका प्रिय आहे, की पोर्ट क्लिंटन गावात ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री फायबरग्लासचा वीस फुटी वॉलआय क्रेनने खाली उतरवून नव्या वर्षाचं स्वागत करतात.

ईरीचं क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर. एवढ्या पाण्यात मासा कुठे शोधायचा? नवखा माणूस नकाशा उघडतो. मुरलेला माणूस आधी विचारतो, मासा किती खोल आहे? उन्हाळ्यात या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, की निम्मं काम झालं. ते उत्तर सरोवराच्या भौतिकशास्त्रात दडलेलं असतं.

वसंतात वॉलआय मॉमी आणि सँडस्की नद्यांत, तसंच सरोवराच्या पश्चिम भागातल्या खडकाळ उथळ जागी अंडी घालतो. या पश्चिम भागाची सरासरी खोली जेमतेम सात मीटर, त्यामुळे उन्हाळा चढला की तिथलं पाणी भराभर तापतं. मग बरेच मासे, विशेषतः थोराड, पूर्वेकडे मध्य भागात सरकतात. माशांच्या पोटात ध्वनिलहरी सोडणारे छोटे प्रक्षेपक बसवून आणि तळाशी ग्राहकयंत्रं ठेवून शास्त्रज्ञांनी या प्रवासाचा माग काढला आहे.

मध्य भागाची सरासरी खोली अठराएक मीटर. इथे उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. वरचं पाणी उन्हाने तापून हलकं होतं, वारा तेवढंच ढवळतो आणि थंड, जड पाणी तळाशी पडून राहतं. दोहोंच्या मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा एक पातळ पट्टा तयार होतो, तो थर्मोक्लाइन. ईरीच्या मध्य भागाची खोली अशी अडनिडी आहे, की वरचा उबदार थर जाड होतो आणि खाली थंड पाण्याचा काही मीटरांचाच थर उरतो. वर वाढलेलं शैवाल मरून त्यात पडतं, जिवाणू ते कुजवताना ऑक्सिजन संपवतात आणि थर्मोक्लाइनमुळे वरून नवा ऑक्सिजन पोचत नाही. उन्हाळा सरता सरता तळाशी लिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षाही कमी ऑक्सिजन राहतो. मासे अशा पाण्यातून निघून जातात.

म्हणजे खालून वाट बंद. वरून प्रकाशाचा त्रास. वॉलआयच्या दृष्टिपटलामागे टॅपेटम नावाचा परावर्तक थर असतो. डोळ्यात आलेला प्रकाश तो दुसऱ्यांदा वापरायला देतो, म्हणून संधिप्रकाशात आणि गढूळ पाण्यात हा मासा आपल्या भक्ष्याहून सरस ठरतो. भर दुपारचं लख्ख पाणी मात्र तो टाळतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस परदेशी जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून झेब्रा शिंपले या सरोवरात आले. प्लवक गाळून खाणाऱ्या या शिंपल्यांनी पाणी नितळ केलं आणि प्रकाश आणखी खोल पोचू लागला. खाली प्राणवायू नाही, वर प्रखर उजेड. उरतो मधला पट्टा. भक्ष्य होणारे छोटे मासेही तिथेच दाटीवाटीने असतात.

आता त्या पट्ट्यात, किंबहुना त्याच्या किंचित वर, क्रँकबेट न्यायचा. किंचित वर, कारण वॉलआय भक्ष्यासाठी वर झेपावतो, खाली सहसा जात नाही, असा मच्छीमारांचा ठाम अनुभव आहे.

क्रँकबेट स्वतः पाण्यावर तरंगतो. त्याच्या तोंडाशी एक तिरकी, पारदर्शक पट्टी असते. बोट ओढू लागली, की पाणी त्या पट्टीवर आदळून नकली माशाला खाली ढकलतं. हा उलटा उडणारा पतंगच. संक्रांतीला ढील दिली की पतंग वर चढतो, इथे ढील दिली की खाली जातो. आणि मांजा फार सोडला की जसा झोळ पडतो, तशी इथे दोरीच आडवी येते: जितकी जास्त दोरी पाण्यात, तितका तिचा रोध जास्त. सुरुवातीला दर दहा मीटर दोरीमागे खोली चांगली वाढते, मग कमी कमी, आणि एका मर्यादेनंतर दोरी सोडणं निव्वळ वाया. बारीक दोरी वापरली तर तोच क्रँकबेट आणखी खोल जातो.

वेग वाढवला तर तो अधिक खोल जाईल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ट्रोलिंगच्या नेहमीच्या वेगांत खोलीत नगण्य फरक पडतो. पट्टीवरचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि दोरीचा रोधही जवळपास तसाच. वेग दुप्पट, तर दोन्ही बळं सुमारे चौपट; तोल जिथल्या तिथे. या सगळ्या खेळातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच. शिशाचा गाभा असलेल्या दोरीचं गणित मात्र वेगळं. शिशाचं वजन वेगाने बदलत नाही, रोध बदलतो, म्हणून वेग वाढला की ती दोरी वर येते.

मग वेगाचा उपयोग काय? पट्टीच्या कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात आणि नकली मासा डावी-उजवीकडे थरथरतो. जवळ आलेल्या वॉलआयला हे कंप अंगावरच्या पार्श्वरेषेने कळतात. कोमट पाण्यात थंड रक्ताच्या माशाचा चयापचय वेगवान असतो, भूकही मोठी, त्यामुळे उन्हाळ्यात वसंतापेक्षा जलद ओढणं फळतं. नेमका वेग ओळखण्याची युक्ती सोपी आहे. बोट नागमोडी न्यायची. वळणाच्या आतल्या बाजूच्या दोऱ्या मंदावतात, बाहेरच्या वेग घेतात. मासा कुठे लागला त्यावरून काय ते समजतं. जीपीएसवर मात्र विसंबू नये. तो जमिनीच्या संदर्भातला वेग सांगतो, आणि खोल पाण्यात प्रवाह असेल तर क्रँकबेटचा खरा वेग निराळा असतो.

रंगांबद्दल दुकानदार बरंच बोलतात. गढूळ पाण्यात आणि नितळ पाण्यात वेगळे रंग चालतात यात तथ्य आहे, पण चुकीच्या खोलीवर योग्य रंग कुचकामी ठरतो. माझ्या मते निम्मे रंग माशापेक्षा गिऱ्हाईकाला पकडण्यासाठी असतात.

काल सापडलेली खोली आज टिकेलच असं नाही. ईरी नैऋत्य-ईशान्य पसरलेलं आणि उथळ आहे. त्या दिशेने वादळी वारा सुटला, की पश्चिम टोकाच्या टोलीडो शहराकडचं पाणी पूर्व टोकाच्या बफेलोकडे लोटलं जातं आणि दोन टोकांच्या पातळीत दोन मीटरहूनही अधिक फरक पडू शकतो. पृष्ठभागासोबत आतला थर्मोक्लाइनही तिरपा होतो, आणि कधी ऑक्सिजनहीन थंड पाणी थेट किनाऱ्यालगत येतं. म्हणून वाऱ्यानंतर सोनारच्या पडद्यावर थर्मोक्लाइनचा पुसट पट्टा पुन्हा शोधावा लागतो.

एक गोष्ट तिथे मासेमारीला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी ध्यानात ठेवावी. वॉलआयच्या वाताशयाला घशाशी जोडणारी नळी नसते. खोलातून भरकन वर आणलं, की दाब उतरून वाताशय फुगतो आणि आतून इजा होते. वर पुन्हा तापलेलं पाणी. सोडून दिलेला असा मासा पोहत गेलेला दिसला, तरी तो जगेलच असं नाही. ओहायोत माणशी दिवसाला सहा वॉलआयची मर्यादा आहे आणि १५ इंचांहून लहान मासा सोडावाच लागतो. तेव्हा खोल पाण्यात लहान मासेच लागोपाठ येऊ लागले तर जागा बदला, आणि सहा भरले की दोऱ्या गुंडाळा.