घरातील ध्वनिमुद्रण : यंत्राआधी खोली

दशावताराच्या नाटकाची संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरते, संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतो, आणि पहाटे खेळ संपला की त्या रात्रीचे बोलणे हवेत विरून जाते. एखाद्या जुन्या नटाला घरी बसवून ते टिपून ठेवावयाचे, तर मुंबईच्या स्टुडिओची वाट पाहण्याचे कारण नाही. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान गाइली, तेव्हाचा स्टुडिओही हॉटेलातील खोल्यांतच उभारलेला होता.

लोक प्रथम यंत्राची किंमत विचारतात. आम्ही म्हणतो, आधी खोली पाहा. देवबागला एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली नदी; गाज कोणाच्या सांगण्याने थांबत नाही. म्हणून पडवी सोडावी, माजघर धरावे. लहान खोलीत शब्द भिंतीवर आपटून लगेच परत येतो व बोलणे डब्यातून आल्यासारखे होते. त्याला जाड गोधड्या टांगणे हा उत्तम उपाय. पण गोधडी पडसाद गिळते, गाज अडवीत नाही. ते काम जाड भिंतीचे व घट्ट दाराचे.

उरलेली गाज अंतराने जिंकावी. मायक्रोफोन तोंडापासून एक वीत, किंचित तिरका ठेवावा. अंतर निम्मे केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने चढतो. गाज आहे तेवढीच राहते. नवशिक्याने डायनॅमिक जातीचा मायक्रोफोन घ्यावा. कंडेन्सर अधिक हळवा, त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, आणि तो शेजारचा कोंबडाही टिपतो! मायक्रोफोन व संगणक यांच्यामध्ये ऑडिओ इंटरफेस नावाची पेटी आणि कानाला हेडफोन हवा. ऑडॅसिटी हा संगणकीय कार्यक्रम फुकट मिळतो. आवाजाचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावा. फाटलेला आवाज मागाहून नीट शिवता येत नाही. खाऱ्या हवेत यंत्रे गंजतात, म्हणून काम संपताच सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी.

आता आमच्या चळवळीचा मुद्दा. कलावंताचा आपल्या प्रयोगावरील हक्क कायद्याने १९९४ च्या दुरुस्तीत मानला. व्यापारी उपयोगातील मानधनाचा वाटा २०१२ च्या दुरुस्तीत आला. तेव्हा यंत्र सुरू करण्यापूर्वी नटाची संमती घ्यावी, पैसे आले तर त्याचा हिस्सा किती हे कागदावर लिहावे, आणि त्या कागदाची एक प्रत त्याच्या हाती द्यावी.