पिळात साठलेली ऊर्जा
सुरतच्या कतारगाम भागातल्या कापड कारखान्यात धाग्याला पीळ जास्त बसला की सैल सोडताच तो स्वतःभोवतीच वेटोळतो; पिळातली ऊर्जा अशी डोळ्यांना दिसते. सूर्याच्या प्रभामंडळातल्या, म्हणजे बाह्य वातावरणातल्या, चुंबकीय कमानींचेही तसेच. त्यांचे पाय पृष्ठभागाखालच्या खदखदत्या वायूत रुतलेले असतात. तो घुसळला की कमानींना पीळ बसत जातो. मात्र धागा तुटतो, तशी चुंबकीय क्षेत्ररेषा तुटून तिला मोकळे टोक येत नाही. विरुद्ध दिशांच्या रेषा अगदी जवळ दाबल्या गेल्या की जुने जोड सोडून नवे जुळवतात, आणि साठलेली ऊर्जा उष्णता व वेगवान कणांच्या रूपाने सुटते. पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, प्रभामंडळ मात्र दहा लाखांच्या वर, ते अशा असंख्य सूक्ष्म स्फोटांमुळे, असे सौरशास्त्रज्ञ यूजीन पार्कर यांनी १९८८ मध्ये मांडले. ही उष्णता खालून वर येणाऱ्या चुंबकीय लाटांमधूनही येऊ शकते, हा आक्षेप रास्त आहे. शांत भागांत लाटांचा वाटा मोठा असेलही. पण २०१२ मध्ये हाय-सी अग्निबाणावरच्या दुर्बिणीने वेणीसारख्या गुंफलेल्या कमानी प्रत्यक्ष टिपल्या. शिवाय २२ फेब्रुवारी २०२४ ची एक्स६.३ श्रेणीची (एक्स ही सर्वांत तीव्र श्रेणी) सौरज्वाला पाहा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने घडवलेल्या, भारताच्या आदित्य-एल१ या सौरयानावरच्या ‘सूट’ दुर्बिणीनेही ती टिपली. काही मिनिटांत एवढी ऊर्जा मोकळी व्हायची, तर ती आधीपासून साठलेलीच असावी लागते.