वाजवून घ्यावी अशी वॉरंटी

कसबा पेठेत नवी गाडी आली की आधी ती कसबा गणपतीपाशी न्यायची, हार घालायचा, नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचे. मग विक्रेत्याने दिलेले कागद गाडीच्या कप्प्यात टाकायचे आणि विसरून जायचे. आम्हीही तेच केले.

आमची गाडी मात्र जरा वेगळी. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून मुलाच्या डोक्यात फिरत्या घराने ठाण मांडले होते. शेवटी एका कंपनीची व्हॅन, त्यावर दुसऱ्याने बांधलेले घर, म्हणजे पलंग, पंखा, छोटा फ्रीज, असे प्रकरण दारात आले. दारात म्हणजे नदीकाठी. आमच्या गल्लीत ते शिरतच नाही!

मे महिन्यात एक्क्याऐंशी वर्षांच्या आईला घेऊन गुहागरला निघालो. पाटणच्या पुढे रात्री मुक्काम केला. पहाटे पंखा बंद, फ्रीज बंद आणि गाडीही सुरू होईना. फ्रीजमध्ये आईचे इन्सुलिन होते. एका ट्रकवाल्या दादांनी आपल्या बॅटरीवरून केबल लावून गाडी चालू करून दिली. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला औषधाचे दुकान उघडेपर्यंत कोणी बोलले नाही. आईच म्हणाली, "अरे, मी आहे अजून."

परतल्यावर खरा प्रवास सुरू झाला. व्हॅनचा विक्रेता म्हणाला, "बाहेरचे वायरिंग केलेत, वॉरंटी संपली." घर बांधणारा म्हणाला, "बॅटरीवाल्याला विचारा." बॅटरीवाला म्हणाला, "कार्डावर शिक्का कुठे आहे?"

ग्राहक चळवळीत उमेद घालवलेले एक शेजारी आहेत. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, त्या संस्कारात वाढलेले. त्यांनी ओट्यावर कागदांचे चार गठ्ठे केले: व्हॅन, बांधणी, बॅटरी, फ्रीज. "वॉरंटी एक नाही, चार आहेत. प्रत्येकाची मुदत वेगळी, जबाबदार वेगळा."

गॅरंटी म्हणजे बदलून मिळणार आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त होणार, असे आपण म्हणतो. पण महत्त्व नावाला नाही, खाली छापलेल्या अटींना असते. वॉरंटी साधारणपणे निर्मितीतल्या दोषाची असते. झिजणारे ब्रेक, वायपर, अपघात, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, चुकवलेले सर्व्हिसिंग हे बहुधा त्यात बसत नाही. पण बाहेर एक वायर जोडली म्हणून सारी वॉरंटी बुडाली, हे नुसत्या तोंडी सांगण्यावरून मानू नये. कोणत्या कलमाने नाकारता आणि त्या वायरीने नेमके काय बिघडले, हे लेखी मागावे.

आम्ही मागितले. मग तपासणी झाली, जॉब कार्डावर कारण आले. इंजिन बंद होताच घरातली बॅटरी गाडीच्या बॅटरीपासून वेगळी करणारा रिले बसवलेलाच नव्हता. रात्रभर फ्रीजने दोन्ही बॅटऱ्या पिऊन टाकल्या होत्या. चूक बांधणाऱ्याची. त्याची एक वर्षाची मुदत चालू होती. त्याने वायरिंग नव्याने केले, गाडीची बॅटरी बदलून दिली. घरातली बॅटरी मात्र आमच्या खिशातून. कार्डावर शिक्का न घेणारे आम्हीच.

त्याने ऐकले नसते तर? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील लागतोच असे नाही. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, पुढेही ते नाममात्रच. गरज पडल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेतो. त्याआधी १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहावा. गाडी भाड्याने देणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. व्यापारासाठी घेतलेली वस्तू म्हटली की ग्राहकपणावरच वाद उभा राहतो.

हे सगळे आईला सांगितले. ती हसली. तांबट आळीतून तिने बंब घेतला होता, तो चार वेळा वाजवून. "भांडे वाजवून घेता, मग कागद का नाही?"

दिवाळीत पुन्हा गुहागरला जायचे आहे. यंदा लिंबाआधी चारही कार्डांवरचे शिक्के पाहून ठेवले आहेत.