बाळाची न्याहारी : ओट, कण्या आणि दाण्याचा कूट

हल्ली आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखालील खामगाव-मलकापूरच्या पेठांतच नव्हे, तर घाटावर मेहकर-चिखलीकडील किराणा दुकानांतूनही ओटाचे पुडे दिसू लागले आहेत. पुण्यामुंबईस राहणाऱ्या लेकीसुना दिवाळीस घरी येतात, तेव्हा त्यांच्या सामानात बाळासाठी असा एखादा पुडा असतोच. आणि मग स्वयंपाकघरात एक लहानसा वाद उभा राहतो. सासूबाई म्हणतात, "हे घोड्याचे खाणे आमच्या नातवास कशाला? मऊ भात नि वरणाचे पाणी काय वाईट आहे?" सूनबाई उत्तर देते, "आई, ओटात बदामाची पूड घालून दिली म्हणजे बाळाचे पोषण चांगले होते." उभयतांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे आणि थोडा गैरसमजही आहे. पण या वादात ज्याची चर्चा व्हावी तीच गोष्ट राहून जाते, असे आम्हांस वाटते.

घोड्याच्या खाण्याची गोष्ट प्रथम पाहू. सासूबाईंचा हा टोमणा नवा नव्हे. डॉ. जॉन्सन या इंग्रज पंडिताने १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशात, इंग्लंडात घोड्यांस व स्कॉटलंडात माणसांस घालण्याचे धान्य अशाच अर्थाची ओटाची व्याख्या देऊन स्कॉच लोकांची थट्टा केली होती. थट्टा झाली, तरी स्कॉच मुले ओटाच्या लापशीवर वाढली ती वाढलीच. आपल्याकडे हे धान्य उत्तर हिंदुस्थानात जई या नावाने ओळखले जाते व मुख्यत्वे गुरांच्या वैरणीसाठी पेरतात. ते जवाच्या जवळच्या कुळातले आहे. आणि जव म्हणजे आपला यव. ज्याच्यावरून 'यवागू' हा शब्द आला व जो आमच्या पूर्वजांच्या नित्याच्या आहारात होता. तेव्हा ओट परका म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. तसेच तो परदेशातून आला म्हणून ज्वारी-नाचणीहून श्रेष्ठ ठरतो, असेही नाही.

बाळास अन्न केव्हा सुरू करावे, याविषयी आमच्या शास्त्रकारांत व आजच्या डॉक्टरांत आश्चर्य वाटावे इतके ऐकमत्य आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगितले आहे. सुश्रुतानेही सहाव्या महिन्यात लघु व हितकर अन्न द्यावे असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, आणि तेथून पुढे वरचे अन्न. मात्र अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत व पुढेही चालू ठेवावे. आपल्या घरांतील उष्टावणाचा मुहूर्त याच सुमारास येतो. एका बाबतीत मात्र सूत्रकारांचे ऐकू नये. त्यांनी दही, मध व तूप यांनी मिश्रित अन्न चाटविण्यास सांगितले आहे. पैकी मध एक वर्ष पुरे होईपर्यंत बाळाच्या जिभेसही लावू नये. कारण मधात क्वचित् एका जंतूची बीजे असतात, आणि ती अर्भकाच्या आतड्यात रुजून अंग लुळे पाडणारे विष उत्पन्न करतात. मोठ्या माणसास त्यांचा उपद्रव होत नाही, म्हणून आजीस हे पटत नाही. परंतु येथे आजीचा आग्रह चालू देऊ नये.

आता मुख्य मुद्दा. वैद्यकात शिजविलेल्या धान्याच्या पातळ-घट्टपणावरून मण्ड, पेया, विलेपी अशा पायऱ्या सांगितल्या आहेत. मण्ड म्हणजे शिते गाळून काढलेले वरचे पाणी. पेया म्हणजे थोड्या शितांसह पातळ पदार्थ, ज्यावरून आपली 'पेज' आली. आणि विलेपी म्हणजे पळीस चिकटून राहील असा दाट पदार्थ. शरीरशुद्धीनंतर अग्नी मंद झालेल्या रोग्यास या पायऱ्यांनी हळूहळू अन्नावर आणावे, असा क्रम आहे. म्हणजे मण्ड हे रोग्याचे अन्न होय. आणि आपल्या घराघरांत सुदृढ, वाढत्या बाळास आपण महिनोन् महिने काय पाजतो? वरणाचे पाणी, भाताची पेज! बाळाचे पोट केवढे? आठ किलो वजनाच्या मुलाच्या पोटात एका वेळी सुमारे पाव लिटर मावते. ते पाण्याने भरले की मूल तृप्त होऊन झोपते, आई समाधान पावते, आणि अंगास मात्र काही लागत नाही. वर्षाच्या आत वजन अडते ते बहुधा येथे. ही गोष्ट केवळ गरिबांच्या झोपडीतच घडते असे समजू नये. तूपसाखरेचे डबे भरलेल्या घरांतही ती घडताना आम्ही पाहिली आहे. महाराष्ट्र शासनाने २००५ साली कुपोषणाविरुद्ध जे माता-बाल आरोग्य व पोषण मिशन काढले, त्यास राजमाता जिजाऊंचे नाव दिले, व गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचा काळ विशेष महत्त्वाचा मानला. जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यात आहे, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

तेव्हा ओट की ज्वारी हा वाद गौण. बाळाच्या वाटीत विलेपी आहे की मण्ड, एवढे पाहावे. चमचा तिरपा केला असता पदार्थ झरझर ओघळता कामा नये, ही सोपी परीक्षा.

परंतु धान्य दाट शिजविले की त्याचा गोळा होतो आणि दात नसलेले मूल तो तोंडाबाहेर ढकलते. म्हणूनच आया त्यात पाणी ओततात. ही अडचण आपल्या आज्यांनी मोड आणलेल्या नाचणीच्या सत्त्वाने फार पूर्वी सोडविली होती. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात या जुन्या युक्तीचा शास्त्रीय अभ्यास केला. धान्यास मोड आले की त्यात पिष्टाचे विघटन करणारे एक द्रव्य तयार होते. अशा मोडाच्या पिठाचा एक लहान चमचा दाट लापशीत मिसळला, तर पाणी न घालताच ती सैल होते. अर्थात् तेवढ्याच पोटात अधिक धान्य जाते. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून मोड आणावेत, उन्हात खडखडीत वाळवून मोड चोळून काढावेत, अगदी हलके शेकावे व दळावे. फार भाजल्यास तो गुण नाहीसा होतो. ज्वारीचे मोड मात्र या कामी घेऊ नयेत. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात हे आमच्याकडे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे, आणि तोच विषारी अंश तिच्या कोंबात असतो. ज्वारीच्या कण्या मात्र मऊ शिजवून, घोटून खुशाल द्याव्यात.

आता बदामाकडे वळू. बदाम उत्तमच, पण आमच्या मते आपल्या दाण्याचा कूट त्याहून कमी नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, आणि निम्म्याच्या आसपास स्निग्धांश. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कुपोषित बालकांसाठी जे मिश्रण बसविले, त्यात भाजलेला गहू ४० ग्रॅम, हरभऱ्याची डाळ १६ ग्रॅम, शेंगदाणे १० ग्रॅम व गूळ २० ग्रॅम असे प्रमाण आहे. यांतून ३३० कॅलरी व ११ ग्रॅमहून किंचित् अधिक प्रथिने मिळतात. या यादीत बाहेरगावाहून मागवावी अशी एकही वस्तू नाही.

'एवढ्या लहानास दाणे बाधतील' ही भीती पुष्कळांस वाटते. पाश्चात्य देशांतही डॉक्टर पूर्वी दाणे टाळण्यासच सांगत. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्रा. गिडिऑन लॅक यांनी वावडे होण्याचा संभव अधिक असलेल्या ६४० अर्भकांचे दोन गट केले. एका गटास लहानपणापासून दाण्याचे पदार्थ नियमाने दिले, दुसऱ्यास दिले नाहीत. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा : पाचव्या वर्षी न खाणाऱ्यांपैकी शेकडा १७.२ मुलांस दाण्याचे वावडे होते, खाणाऱ्यांपैकी केवळ शेकडा ३.२ मुलांस. म्हणून कूट सहाव्या महिन्यानंतर चिमटीने सुरू करावा, तोही सकाळी, म्हणजे दिवसभर लक्ष राहते. ज्या बाळास तीव्र इसब आहे किंवा अंड्याचे वावडे ठरले आहे, त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांस विचारावे.

कूट आणि दाणा यांत मात्र जमीनअस्मानाचे अंतर आहे. आमच्या परिचयाच्या एका घरी तीन वर्षांचा मुलगा फुटाणे-दाणे खात हसत पळत होता. ठसका लागला, थांबला, आणि सर्वजण विसरले. पुढे पंधरा दिवस खोकला हटेना. सर्दीची औषधे झाली, वाफारे झाले, दृष्टही काढून झाली. शेवटी मोठ्या शहरी नेऊन श्वासनलिकेत दुर्बीण घातली, तेव्हा अर्धा शेंगदाणा निघाला. तो आत भिजून फुगला होता व भोवती सूज आली होती. मूल वाचले, हे दैव. पाच वर्षांखालील मुलाच्या हाती अख्खा दाणा, फुटाणा, बदाम वा काजू देऊ नये. प्रसाद म्हणून आलेलाही देऊ नये. तो आईने मस्तकी लावून स्वतः खावा, देवाचा अपमान होत नाही.

दाणे निवडण्यातही हयगय नको. १९६० साली इंग्लंडात टर्की जातीचे पक्षी हजारोंनी मेले, तेव्हा शोध करता त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीवर बुरशीचे विष आढळले. हे विष यकृतास घातक असून भाजल्याने पुरते नष्ट होत नाही. सुरकुतलेला, काळवंडलेला, कडू दाणा सरळ फेकून द्यावा.

कृती थोडक्यात देतो. साधे ओट कोरडेच दळून ठेवावेत. मीठमसाल्याचे वा साखरेचे तयार पुडे बाळासाठी मुळीच नकोत. पिठाचे दोन मोठे चमचे पाऊण वाटी पाण्यात कालवून मंद आचेवर सहा-सात मिनिटे ढवळत शिजवावे. त्यात सोललेल्या भाजक्या दाण्याचा वस्त्रगाळ कूट एक लहान चमचा व साजूक तूप अर्धा चमचा घालावे. घट्ट वाटल्यास मोडाचे पीठ मिसळून पुन्हा एक उकळी आणावी. कोमट झाल्यावर पिकलेले केळे किंवा शिजविलेले सफरचंद कुस्करून घालावे. वर्षाच्या आत साखर-मीठ नको, गूळही नंतर. ओट नसतील तर याच रीतीने ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ घ्यावे. उत्तरेस सातपुड्याकडील चारोळी मिळाली, तर तीही बारीक वाटून चालते.

आरंभी दोन-तीन चमचे पुरेत. आठवा महिना संपेपर्यंत अडीचशे मिलिलिटरच्या वाटीने अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा. नवव्यापासून अर्धी वाटी तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. या न्याहारीने लोहाची गरज भागेल असे मात्र समजू नये. त्यासाठी डाळी, पालेभाज्या व डॉक्टर सांगतील ते औषध हवेच. कूट एका वेळी आठवड्यापुरताच करावा, कोरड्या काचेच्या बरणीत ठेवावा, आणि पावसाळ्यात तर तीन-चार दिवसांचाच; खवट वास आला की तो बाळाच्या वाटीत जाता कामा नये, आणि वडील मंडळींच्या उसळीतही नको.