मेंदूवरील बुरशी आणि तीन औषधे

एड्सच्या रुग्णाचे डोके आठवडा-दोन आठवडे सतत दुखत राहिले, जोडीला ज्वर व ओकाऱ्या आल्या, दृष्टी अंधुक होऊ लागली, तर ती साधी डोकेदुखी समजून स्वस्थ बसणे धोक्याचे असते. क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचली असण्याचा संभव असतो. ही बुरशी मातीत व कबुतरांच्या विष्ठेत आढळते आणि श्वासावाटे शरीरात शिरते. निरोगी शरीर तिचा बंदोबस्त करते, एच.आय.व्ही.ने प्रतिकारशक्ती पोखरलेल्या शरीराला ते साधत नाही. उपचाराअभावी हा मेनिंजायटिस प्राण घेतो.

यावरील मुख्य औषधे तीन. त्यांपैकी अँफोटेरिसिन बी हे सर्वांत जुने व प्रखर. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून ते १९५०च्या दशकात मिळाले. ते शिरेतून द्यावे लागते. हुडहुडी भरते, मूत्रपिंडांना इजा पोहोचते, रक्त कमी होते. फ्लुकोनाझोलची गोळी स्वस्त व सोसवणारी खरी, परंतु ती बुरशीची वाढ केवळ रोखून धरते. फ्लुसायटोसिनची कथा मोठी गमतीची आहे. १९५७ साली ते कर्करोगासाठी तयार झाले, तेथे निरुपयोगी ठरले आणि बुरशीवर मात्र गुणकारी निघाले.

अँफोटेरिसिन दोन आठवडे द्यावे, हा पूर्वीचा परिपाठ. व्हिएतनाममधील २९९ रुग्णांवरील अभ्यासाने २०१३ साली दाखवून दिले की, त्याला फ्लुसायटोसिनची जोड दिल्यास मृत्यू कमी होतात. पुढे मलावी, झांबिया, टांझानिया व कॅमेरून या देशांतील अभ्यासाचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. या जोडीचा एकच आठवडा उपचार मिळालेल्यांपैकी दहा आठवड्यांत शेकडा २४ दगावले. दोन आठवडे अँफोटेरिसिन घेतलेल्यांत हे प्रमाण शेकडा ४०च्या घरात होते. औषध जितके अधिक तितका गुण अधिक, ही आपली घरगुती समजूत येथे पार कोलमडते!

मेदाच्या सूक्ष्म कोशांत बंदिस्त केलेले अँफोटेरिसिन मूत्रपिंडांना कमी जाचते. आपल्याकडे २०२१ साली काळ्या बुरशीच्या साथीत ज्याच्यासाठी नातेवाइकांची धावाधाव झाली, ते हेच. बिहारमध्ये काळा आजारावर त्याची एकच मात्रा, वजनाच्या दर किलोस १० मिलिग्रॅम, पुरेशी ठरल्याचे २०१० साली सिद्ध झाले होते. आफ्रिकेतील पाच देशांत तीच मात्रा एकदाच देऊन पुढे १४ दिवस फ्लुसायटोसिन व फ्लुकोनाझोल पोटात देण्यात आले. दहा आठवड्यांत शेकडा २५ रुग्ण मृत्यू पावले. रोज शिरेतून औषध घेणाऱ्या गटात शेकडा २९. उपद्रवही कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली या पद्धतीची शिफारस केली.

औषधांइतकेच महत्त्व पाठीच्या कण्यातून पाणी काढून मेंदूवरील दाब उतरविण्याला आहे. एच.आय.व्ही.वरील औषधे मात्र चार ते सहा आठवडे थांबून सुरू करतात. घाई केल्यास मृत्यू वाढतात, असे २०१४ साली दिसून आले. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णाच्या रक्तात या बुरशीचा अंश डोकेदुखीच्याही काही आठवडे आधी सापडू शकतो. तो सापडला, तर डॉक्टर प्रथम कण्यातील पाणी तपासतात. ते शुद्ध निघाले तर फ्लुकोनाझोलच्या गोळ्यांवर भागते.