वाकडं हसू

रमजानमध्ये दुपारी मोठी माणसं जरा शांत होतात, पोरं मात्र होत नाहीत. ज्यांचा रोजा नसतो त्या लहानग्यांना असरच्या नमाजापर्यंत कशात तरी गुंतवावं लागतं. गेल्या रमजानात आमच्याकडे हे काम एका पिशवीनं केलं.

लग्नपत्रिका छापणाऱ्या ओळखीच्या छापखान्यातून मी ती भरून आणली होती. पत्रिकेत नक्षीदार खिडकी पाडायला डाय वापरतात. प्लायवुडच्या फळीत हव्या त्या आकारात वाकवलेली पोलादी पाती बसवलेली असते. कागद त्यावर दाबला की आकार नेमका कापला जातो. खिडकी पत्रिकेत राहते आणि आतला तुकडा रद्दीत जातो. गोल, पान, कोयरी, बदाम, चंद्रकोर असे ढीगभर तुकडे, एका डायचे सगळे अगदी एकसारखे.

त्यातून पोरांनी चेहरे करायला घेतले. गोल म्हणजे तोंडवळा, पानांचे कान, कोयरीचं नाक, चंद्रकोरीचे ओठ. शिवणाच्या डब्यातली बटणं डोळ्यांना, लोकर केसांना, उरलेला गोटा टोपीला. तुम्हीही करून बघा, फक्त गोंद शेवटी लावा. आधी तुकडे नुसते ठेवून सरकवत राहा. डोळे मध्यावर ठेवले की मोठं माणूस दिसतं, जरा खाली आणले की बाळ. भुवया आतल्या बाजूला उतरत्या केल्या की राग, चंद्रकोर उलटी केली की रुसवा. तुकडे तेच, पण दोन चेहरे सारखे होत नाहीत.

जपानमध्ये नववर्षाला 'फुकुवाराई' नावाचा असाच खेळ खेळतात. डोळ्यांवर पट्टी बांधून रिकाम्या चेहऱ्यावर कागदी डोळे, नाक, तोंड ठेवायचं. पट्टी सोडून बघावं तर नाक गालावर आणि तोंड कपाळावर! चेहरा जितका बिघडेल तितकी मजा जास्त.

आमच्या घरात मात्र तेव्हा वाकड्या तोंडावर हसायची सोय नव्हती. रमजानच्या थोडं आधी अम्मी सकाळी चूळ भरत होती, तर पाणी ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलं. उजवा डोळा मिटेना. त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. (असं अचानक झालं तर कुणीच वाट बघत बसू नये.) डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मेंदूचा झटका नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे, बेल्स पाल्सी म्हणतात. बहुतेकांचं बरं होतं, पण वेळ लागतो.

अम्मीनं कपाटाच्या आरशावर चादर टाकली. औषधांमुळे रोजे सुटले, त्याचं दुःख वेगळंच. इफ्तारला शेजारच्या काकू आल्या की पदर तोंडावर ओढून ती आत जायची.

एका दुपारी आमच्या धाकटीनं पांढऱ्या लोकरीचे केस आणि तारेचा चष्मा लावून चेहरा केला. चंद्रकोर एका बाजूनं खाली घसरलेली. ती सरळ अम्मीकडे गेली. "दादी, ही तू."

तो कागद तिच्या हातून काढून घ्यावा म्हणून मी उठलोच. पण अम्मीनं तो घेतला, चष्मा लावून नीट पाहिला. गोंद अजून ओला होता. तिनं बोटानं चंद्रकोर आणखी खाली सरकवली. "एवढं वाकडं आहे गं, कमी नको दाखवूस," म्हणाली आणि हसली. अर्ध्याच तोंडानं, पण किती दिवसांनी!

त्या संध्याकाळी काकू आल्या तेव्हा अम्मी आत गेली नाही. दस्तरखानावर बसून तिनं हळूहळू एक खजूर खाल्ला.

ईदपर्यंत तिचं तोंड बरंच सरळ झालं. धाकटीला वाटलं, कागदावरचंही नीट करावं. नखानं चंद्रकोर खरवडायला बसली, तेव्हा अम्मीनं तिचा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "ती पण मीच आहे."