रोपे कापणारा पतंग

दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या कीटकाला उर्दूत परवाना म्हणतात. मराठीत त्याचे नाव पतंग. मराठीत ‘परवाना’ म्हणजे अनुमतिपत्र, तेव्हा उत्तरपत्रिकेत गोंधळ करू नका!

अशाच एका पतंगाचे शास्त्रीय नाव ॲग्रोटिस इप्सिलॉन आहे. हुफनागेल या जर्मन अभ्यासकाने १७६६ साली त्याचे वर्णन केले. पंख पसरल्यावर तो चार ते पाच सेंटीमीटर भरतो. पुढचे पंख तपकिरी असून त्यांवर खंजिरासारखी काळी खूण असते.

पतंग बिचारा फुलांतला मध पितो. नुकसान करते ती त्याची अळी. मादी तणांवर आणि ओलसर मातीत हजाराहून अधिक अंडी घालू शकते. लहान अळी पाने खाते. मोठी झाली की ती दिवसा ढेकळाखाली लपते आणि रात्री बाहेर येऊन कोवळी रोपे जमिनीलगत कापते. ती खाते थोडे, नासते फार. काल उभी असलेली रोपे सकाळी आडवी पडलेली पाहून शेतकऱ्याला काय वाटत असेल? बियाणे गेले, मेहनत गेली आणि पेरणीची वेळही गेली.

हरभरा, मसूर, बटाटा, मका, कापूस, तंबाखू, कोबी, टोमॅटो, मिरची यांपैकी या अळीला काहीही चालते. चाकवतासारख्या तणावरही ती जगते. म्हणूनच हा पतंग आशिया, युरोप, आफ्रिका, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या सर्व खंडांत आढळतो. शिवाय तो दूरवर उडतो. उत्तर अमेरिकेच्या थंड भागात तो दर वसंत ऋतूत दक्षिणेकडून येतो.

आपल्या देशात बिहारमधील मोकामा टाल हा भाग या अळीसाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात तेथे पुराचे पाणी साचते. ते ओसरल्यावर शेतकरी हरभरा, मसूर पेरतात आणि नेमके तेव्हाच पतंग ओल्या जमिनीवर अंडी घालतात.

यावर एक साधा उपाय आहे. संध्याकाळी शेतात हिरव्या गवताचे लहान ढीग ठेवतात. अळ्या त्यांखाली दडतात. सकाळी ढीग उलटून त्या वेचतात. एखादे रोप कापलेले दिसले, तर त्याच्या बुडाशी माती उकरून पाहा. काळसर, तेलकट अळी वेटोळे करून तेथेच पडलेली असते.